दादाने लावलेले आंबे

बोंगो, ११ जून १९९५

दादा,

सालिफूचा ट्रक उद्या दक्षिणेकडे निघतोय, म्हणून घाईनं लिहायला बसलेय. आईचा गुडघा सोडला तर सगळे बरे आहेत. ख्यालीखुशाली संपली. आता मुद्द्याचं.

काल अबुग्रेकाकांनी माझी आंब्याची रोपं उपटली. टोपल्या विणून, बोल्गाच्या बाजारात विकून त्या पैशांतून आणलेली रोपं. शेताच्या कडेनं लावली होती. काका सकाळी उठून थेट शेतात गेले, एकेक रोप मुळासकट काढलं आणि घरातल्या सगळ्या बायकांसमोर माझ्या पायाशी आणून टाकलं. म्हणाले, "लारिबा, भुईमूग लाव, भेंडी लाव. मी कधी अडवलंय? पण झाड लावलंस तर उद्या म्हणशील, जमीन माझी."

मी म्हटलं, "काका, उद्या कशाला? आजच म्हणते. मी इथं परत आले तेव्हा त्या शेतात नुसते दगड होते. मी आणि आईनं ते वेचून बांध घातला."

तर हसले. "झाड ज्याचं त्याची जमीन, हे तुला मी सांगायला हवं का? बाई आज इथं, उद्या नवऱ्याच्या घरी. मग आमची जमीन तुझ्या मागून चालत जाणार?"

मी कुठं जाणार आहे, दादा? नवरा गेल्यावर मला धाकट्या दिराच्या गळ्यात बांधायला निघाले होते. ते नको म्हणून, असिबी तान्ही होती, तिला पाठीला बांधून बापाच्या घरी आले. काकांनी ठेवून घेतलं, ते मी नाकारत नाही. पण दर साली पेरणी जवळ आली की मी काकांच्या तोंडाकडं बघत बसते. यंदा शेत मला, की अदुकोला? अदुको म्हणजे काकांचा धाकटा, तुला ठाऊकच आहे. कुदळ दिसली की याची पाठ दुखते. पण तो पुरुष आहे. माझा एक आंबा उभा राहिला असता तर मी मेल्यावरही असिबीला तिथून कुणी उठवलं नसतं.

काका घरधनी आहेत, पण शेत बाबांचं आणि तू बाबांचा थोरला. या एका बाबतीत तुझा शब्द ते मोडू शकत नाहीत. तू येऊन चार म्हाताऱ्यांसमोर एवढंच म्हण, "ते शेत लारिबाचं, ती काय वाटेल ते लावेल." बाकीचं मी बघते.

तुझी,
लारिबा

---

आक्रा, २ जुलै १९९५

प्रिय लारिबा,

तुला आणि असिबीला आशीर्वाद, आईला साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र वाचून अतिशय वाईट वाटले, परंतु आश्चर्य वाटले नाही. आमच्या संस्थेत मी गेली कित्येक वर्षे नेमक्या याच प्रश्नावर काम करतो आहे. उत्तर भागातील स्त्रिया आणि जमिनीची मालकी या विषयावर मागच्याच महिन्यात माझे भाषण झाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. यंदा तर सगळ्या जगातल्या स्त्रियांची मोठी परिषद चीनमध्ये भरते आहे. वारे बदलत आहेत, हे लक्षात घे.

मात्र अशा गोष्टी घाईने होत नसतात. काका जुन्या वळणाचे आहेत. बाबा गेल्यावर त्यांनी सगळे सांभाळले. मी एकदम जाऊन "शेत बहिणीचे" असे म्हटले, तर गावात त्यांचे तोंड काळे होईल. "अझुरे शहरात जाऊन बायकोच्या मुठीत गेला," असे लोक म्हणतील, ते वेगळेच. आधी समाजात जागृती व्हायला हवी. त्यासाठी सोबत आमची एक पुस्तिका पाठवत आहे. चित्रे आहेत. घरातल्या बायकांना जमवून वाचून दाखव.

मी स्वतः घरापासून सुरुवात केली आहे. दर रविवारी जेवल्यावर माझे ताट मी स्वतः उचलतो. एफुआवहिनीला विचार हवे तर.

तुझ्यासाठी कापड पाठवले आहे. निळे आहे, तुला शोभेल.

तुझा दादा,
अझुरे

---

बोंगो, ६ ऑगस्ट १९९५

दादा,

कापड मिळालं. छान आहे. ताट उचलतोस हे वाचून आईनं विचारलं, "आजारी आहे का तो?"

पुस्तिका वाचून दाखवली. त्यात एक बाई पॅन्ट घालून ट्रॅक्टर चालवतेय आणि तिचा नवरा मूल खेळवतोय. काकांच्या थोरल्या बायकोनं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "ट्रॅक्टर राहू दे बाई, नवरा कुठं मिळतो तेवढं विचार तुझ्या भावाला." बायका हसून हसून लोळल्या. जागृती झाली.

तुझं भाषण काय होतं? आमच्याबद्दलच ना? मग टाळ्या तिथं वाजल्या आणि रोपं इथं उपटली गेली, हे कसं? मी तुला कायदा बदल म्हटलं नाही. एक वाक्य म्हण म्हटलं. तेही तुझ्याच आईच्या भाषेत.

काकांना मी सरळ विचारलं, "अझुरेदादा म्हणाला तर मानाल?" ते तोंडातली कोलाची बी चावत म्हणाले, "तो म्हणाला तर मानावंच लागेल. पण तो म्हणालाय कुठं?" आणि मिशीत हसले. तू म्हणणार नाहीस याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त खात्री आहे, याचा मला संताप येतो.

शिवाय आता झुआरुंगू गावचा एक म्हातारा मला मागणी घालायला गिनी कोंबड्या घेऊन दोनदा येऊन गेलाय. काकांना घाई झालीय. मी गेले की शेत मोकळं.

तू ये. उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

लारिबा

---

आक्रा, २० सप्टेंबर १९९५

प्रिय लारिबा,

बोंगोहून निघून काल इथे सुखरूप पोहोचलो. जीपचे एक टायर तामालेजवळ फुटले, बाकी काही नाही.

अजून त्या सकाळचा आनंद मनातून जात नाही. पाहिलेस ना, मी म्हटले होते की गोडीगुलाबीने सगळे होते? तू वाक्य वाक्य करत बसली होतीस. वाक्याची गरजच पडली नाही! "काका, मी माझ्या हाताने बाबांच्या शेतात आंबे लावतो," एवढेच म्हटले आणि त्यांचा चेहरा कसा उजळला! कोंबडी त्यांनी स्वतः आणली, बाबांच्या नावाने स्वतः कापली, पहिल्या खड्ड्यात माती स्वतः लोटली. कुणाला वाईट नाही, कुणाचा अपमान नाही. आणि तुला तुझे आंबे मिळाले. नावाला ते माझे, खाणारी तू आणि असिबी. आता ती रोपे उपटायची छाती कोणाची आहे?

झुआरुंगूच्या म्हाताऱ्यालाही मी काकांकरवी नाही म्हणून कळवले आहे. तीही काळजी मिटली.

खड्ड्याजवळ तू उभी असतानाचा फोटो फार सुरेख आला आहे. डोळ्यांत पाणी आहे तुझ्या. ऑफिसात तो मोठा करून भिंतीवर लावला. खाली लिहिले आहे, "आता हे शेत तिचे." साहेबांनी पाठ थोपटली.

निघताना तू कुठे दिसली नाहीस. लाजलीस की काय?

तुझा दादा,
अझुरे

---

बोंगो, १२ नोव्हेंबर १९९५

दादा,

लाजले नव्हते. न्हाणीच्या भिंतीमागं बसून रडत होते. फोटोतलं पाणीही आनंदाचं नाही. तू खड्ड्यात रोप ठेवलंस तेव्हाच मला कळलं होतं. तुला कसं कळलं नाही? तू तर यावर भाषणं करतोस.

तू गेल्यावर भुईमूग काढेपर्यंत काका थांबले. मग एका सकाळी मला बोलावून म्हणाले, "लारिबा, आता तिथं अझुरेची झाडं आहेत. शेत अझुरेचं झालं. तो लांब असतो, म्हणून त्याच्या वतीनं मी बघणार. पुढच्या साली अदुको तिथं बाजरी घेईल. तुला ओढ्यापलीकडं दाखवतो एक तुकडा."

ओढ्यापलीकडं काय आहे, ते आठवतं का तुला? खडक. बकऱ्यासुद्धा तिकडं जात नाहीत. आईचा गुडघा आता दगड वेचू देणार नाही.

मी म्हटलं, "काका, दादानं ती माझ्यासाठी लावलीत."

"असं तो म्हणाला का? माझ्यासमोर तर म्हणाला, 'मी लावतो.' मी त्याच्या बापाच्या नावानं कोंबडी कापलीय. आता मी पितरांना खोटं पाडू का?"

आणि हे सगळं प्रेमानं, बरं का. आवाज चढवला नाही. काका दुष्ट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

माझं शेत कुणाचंच नव्हतं दादा, म्हणून माझं होतं. काकांना इतकी वर्षं ते माझ्याकडून काढून घ्यायला निमित्त सापडत नव्हतं. ते तू जीपमध्ये घालून आणलंस.

शेवटी उठताना काका म्हणाले, "पाऊस संपला. उद्यापासून झाडांना पाणी घालत जा. सकाळ-संध्याकाळ एकेक पातेलं." झाड लावणं पुरुषाचं, पाणी वाहणं बाईचं. हे मात्र कुणी बदलायला सांगत नाही.

मी पाणी घालणार नाही. झाड ज्याचं त्यानं घालावं.

लारिबा

---

आक्रा, ८ जानेवारी १९९६

लारिबा,

सालिफूने सांगितले की रोपांची पाने सुकू लागली आहेत आणि तू हट्टाला पेटली आहेस. हे काय चालवले आहेस? त्या मुक्या झाडांनी तुझे काय वाकडे केले?

अदुकोचा प्रकार मला माहीत नव्हता. चुकीचे आहे, मान्य. त्यावर योग्य वेळी बोलू. पण तूच जरा समजून घे. मार्चमध्ये परदेशातून पाहुणे येत आहेत. त्यांना तेच शेत दाखवायचे ठरले आहे. भिंतीवर तुझा फोटो आहे! तिथे वाळक्या काटक्या दिसल्या तर मी साहेबांना काय तोंड दाखवू? माझी बढती याच कामावर अवलंबून आहे, आणि मी वर गेलो तर तुझ्यासारख्या हजारो बायकांसाठी काहीतरी करू शकेन. एका शेतापलीकडे बघायला शीक.

मी तुझ्यासाठी सुटी काढून, धूळ खात तिथवर आलो. बक्षीस हे मिळाले. आजपासून पाणी घाल. थोरल्या भावाचे एवढे तरी ऐक.

अझुरे

(वन्सं, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे म्हणून हे खाली लिहितेय. तुमच्या दादांनी गेले काही रविवार ताटही उचललेलं नाही. आमच्या फांटी लोकांत जमीन आईच्या घराण्याची असते असं ऐकून तुम्हाला हेवा वाटत असेल. वाटून घेऊ नका. जमीन आईची, पण बोलणारे मामा. मी यांना रोज म्हणते, एक वाक्य बोलून टाका आणि मोकळे व्हा. तर म्हणतात, "तुला आमच्याकडचं कळत नाही." मला कळतं. यांना काकांची भीती वाटते. तुमची एफुआ.)

---

बोंगो, १८ फेब्रुवारी १९९६

दादा,

वहिनीला माझा नमस्कार सांग. का, ते विचारू नकोस.

तू लिहितोस, मी हट्टाला पेटलेय. मी एकटी नाही. काकांनी मग आपल्या बायकांना पाणी घालायला सांगितलं. थोरली म्हणाली, "माझी मान दुखते." मधली म्हणाली, "मी त्या वाटेनं जात नाही." धाकटी भांडी घासत राहिली, गेली नाही. मी कुणाला शिकवलं नाही, शपथ. त्या प्रत्येकीचं कुठं ना कुठं असंच एक शेत गेलंय, ते मला या दिवसांत एकेकीकडून कळलं.

मग काकांनी अदुकोला पाठवलं. अदुकोनं हातपंपावर बादली भरली. पण डोक्यावर घेईल तर पुरुष कसला? सायकलच्या दांड्याला अडकवली आणि निघाला. शेताशी पोचेपर्यंत बादलीत तळाला पाणी आणि याची चड्डी ओलीचिंब. पंपावरच्या पोरी ओरडल्या, "अदुको, झाडाला न्यायचं होतं की स्वतःलाच?" परत आला नाही.

मजा वाटली ना? मलाही त्या दिवशी वाटली. नंतर वाटली नाही. दादा, ते आंबे माझ्या वाटेवर आहेत. रोज भरलेलं पातेलं डोक्यावर घेऊन मी त्यांच्या शेजारून जाते. पानं आधी लोंबली, मग कडेनं करपली. आंबा मला तुझ्यापेक्षा जास्त हवा होता. तुला फोटो हवा होता. आणि मीच तो मारतेय. रात्री राग येतो. तुझा येतो, काकांचा येतो, स्वतःचा येतो, आणि कुणालाच काही होत नाही.

अजून काही रोपांत जीव आहे. मी शेवटचं सांगते. पाहुण्यांना घेऊन येशील तेव्हा काकांसमोर, त्या परक्या लोकांसमोर, ते वाक्य म्हण. भिंतीवर लिहिलंयस तेच. "आता हे शेत तिचं." मी त्याच संध्याकाळपासून पाणी घालते. दोन पातेली घालते. तुझी बढतीही होऊ दे, मला काही दुखत नाही.

भिंतीवर लिहिता येतं ना? मग तोंडानं म्हणायला काय होतं?

लारिबा

---

आक्रा, २९ मार्च १९९६

लारिबा,

पाहुणे येऊन गेले. वेळ कमी असल्याने त्यांना बोल्गाजवळचेच दुसरे एक गाव दाखवले. तिथल्या बायका फार छान नाचल्या.

मी येणार होतो. खरेच येणार होतो. काकांना काय म्हणायचे ते मनाशी ठरवलेही होते. पण गाडीचे जमले नाही. आणि खरे सांगू, काकांसमोर उभा राहिलो की मी अजून तोच शेळ्या राखणारा मुलगा होतो. तुला हे कळायचे नाही. तुला ते रागावतात, माझ्यावर ते विश्वास ठेवतात. विश्वास मोडणे जास्त अवघड असते.

ईस्टरला बघतो. नाहीतर शाळांच्या सुटीत नक्की.

झाडे जगली का?

अझुरे

---

बोंगो, २३ जून १९९६

दादा,

ईस्टर झाला. तू आला नाहीस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते.

झाडं मेली. सगळ्यात शेवटी बांधाजवळचं गेलं, काकांनी माती लोटली होती ते. त्याच्या शेंड्याला एक हिरवं पान बरेच दिवस तगून होतं. एका संध्याकाळी मी पंपावरून येताना तिथं थांबले. पातेलं भरलेलं होतं. ओतलं असतं तर कदाचित जगलं असतं. मी बराच वेळ उभी राहिले. मग घरी आले आणि त्या पाण्यात आईचे पाय धुतले. आंबा मला हवाच होता, दादा. तुझ्या नावाचा नको होता.

अदुको कंटाळून कुमासीला गेला, कुणाच्या तरी टायरच्या दुकानात. बाजरी कोण घेणार मग? काका काही दिवस शेताकडं फिरकले नाहीत. पेरणीच्या वेळी मी त्या काटक्या उपटल्या. सगळ्या बायकांनी पाहिलं. चूल पेटवायलासुद्धा त्या मला घरात आणवल्या नाहीत, बांधावरच टाकल्या. आणि भुईमूग पेरला. मला कुणी पेर म्हटलं नाही, मी विचारलंही नाही. काकांच्या थोरल्या बायकोनं बियाणं दिलं आणि ती दिवसभर माझ्याबरोबर वाकली.

तेव्हा तू तुझ्या ऑफिसात सांगू शकतोस, शेत तिच्याकडं आहे. कसं आलं ते सांगू नकोस. झाड नाही म्हणून आलं. पुढच्या साली काय, ते मला आजही माहीत नाही. जिथं गेल्या जूनमध्ये होते तिथंच आहे, फक्त आता रोपं घ्यायला हात धजत नाही. त्या भिंतीवरचा माझा फोटो काढून ठेव. एवढं तरी करता येईल तुला, त्याला काकांची परवानगी लागत नाही.

परवा काका आले. मी खुरपत होते. बांधावर उभे राहिले, काठी टेकून. वाळक्या काटक्यांकडं पाहिलं, मग भुईमुगाकडं पाहिलं. म्हणाले, "लोक मला विचारतात, शेत कुणाचं म्हणून. मी काय सांगू?"

मी हात थांबवला नाही. म्हटलं, "सांगा, लारिबाचं."

काका हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मान खाली घालून घराकडं निघून गेले. मला एकदम तूच दिसलास.

लारिबा